एप्रिलातच दोन झाडं हलवायची आहेत: पेठेतला अनंत आणि यॉर्कशायरचा फ्युशिया

पेठेतली_काकू
३ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन झाडांचा आहे. दोन्ही घरचीच, म्हणून एकाच धाग्यात लिहिते.

पहिलं झाड अनंताचं. कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमच्या जुन्या घराच्या परसात सासूबाईंनी लावलेलं, वीस-बावीस वर्षांचं. माझ्या डोक्यावर दोन हात उंच आहे. बुंधा सव्वादोन इंच, मग वर तीन फांद्या फुटल्यात. हंगामात पहिलं फूल उमललं की सासूबाई ते ओल्या रुमालात गुंडाळून अंबाबाईला घेऊन जायच्या, मगच बाकीची फुलं घरात यायची. त्या गेल्यावरही आम्ही ते मोडलेलं नाही. आता घर पाडून अपार्टमेंट होणार आहे आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास जागा मोकळी करून द्यायची आहे. आम्ही कळंब्याकडे छोटं घर घेतलंय, पुढे थोडी माती आहे. अनंत मागे ठेवून जायचं मला जमणार नाही.

दुसरं झाड फ्युशियाचं. माझी लेक इंग्लंडात यॉर्कशायरला असते. तिनं सहा वर्षांपूर्वी दारात लावलेला फ्युशिया आता कमरेएवढा झालाय. कानातल्या झुमक्यांसारखी लाल-जांभळी फुलं खाली लोंबतात. तीही याच एप्रिलच्या शेवटी घर बदलते आहे आणि तिलाही झाड न्यायचं आहे. तिला तिकडचे लोक सांगतात, एप्रिल म्हणजे अगदी योग्य वेळ. मला इथला माळी सांगतो, एप्रिलात हात लावलात तर झाड गेलं म्हणून समजा. फोनवर आम्ही मायलेकी रोज यावरच बोलतो. दोघांपैकी खरं कोण? आणि माझ्यापुढे एप्रिलशिवाय पर्याय नसेल तर काय करू?

---

पाचटवाला_शिरोळ
३ मार्च, रात्री १०:१५

काकू, दोघंबी खरं सांगत्यात. झाडाला कॅलेंडर कळत नाही, पुढं दिवस कसले येणार एवढंच त्याला सोसावं लागतंय. तिकडं एप्रिलनंतर ऊब आणि पाऊस, मुळं धरायला चार-पाच महिनं मिळणार. आपल्याकडं एप्रिलनंतर मे. मुळं तुटलेली, वर सदतीस-अडतीस डिग्री ऊन. पानं पाणी मागणार आणि मुळं देऊ शकणार नाहीत. म्हणून आपल्यात मृग लागल्यावर, जमीन चांगली भिजल्यावर झाड हलवायचं, ७-८ जूनच्या पुढं.

पण तुमची अडचण खरी हाय. अजून सात-आठ आठवडं हातात हायत, ते वाया घालवू नका. जाणकार सांगतीलच, पण उद्याच्या उद्या काम सुरू करा.

---

बागेतला_दादा
४ मार्च, सकाळी ७:०५

मी सरकारी बागेत नोकरी करून निवृत्त झालो. झाडं हलवण्यात बरीच वर्षं गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

लोकांना वाटतं की झाड मरतं ते नव्या जागेत. बहुतेक वेळा ते जुन्या जागेतच मेलेलं असतं, कारण आपण पाणी पिणारी मुळं तिथंच सोडून येतो. जाड मुळं झाडाला धरून ठेवतात, पाणी ओढतात ती केसासारखी बारीक मुळं, आणि ती बुंध्यापासून लांब, फांद्यांच्या घेराच्या आसपास आणि बाहेरही असतात. एकदम खणून काढलं तर हाताला जाड मुळं लागतात, बारीक सगळी तुटून जातात. म्हणून ती बारीक मुळं आधी बुंध्याजवळ बोलावून घ्यायची. याला आम्ही मुळं बांधणं म्हणायचो.

असं करा. बुंध्याच्या जाडीच्या दहा-बारा पट व्यासाचा गोल आखा. तुमचा सव्वादोन इंच, म्हणजे साधारण चोवीस-पंचवीस इंचांचा गोल. या आठवड्यात त्या गोलाच्या फक्त अर्ध्या कडेनं वीतभर रुंद, दीड फूट खोल चर मारा. सुताएवढ्या (इंचाच्या आठव्या भागाएवढ्या) आणि त्याहून जाड मुळांवर कुदळ घालू नका, ती धारदार करवतीनं किंवा कात्रीनं साफ कापा. ठेचलेलं मूळ कुजतं, साफ कापलेलं नवीन फुटतं. चर कुजलेला पालापाचोळा आणि वाळू निम्मी-निम्मी घालून भरा आणि ओला ठेवा. तीन-चार आठवड्यांनी उरलेला अर्धा गोल. एप्रिलच्या शेवटापर्यंत त्या भुसभुशीत चरात पांढरी मुळं सुटलेली दिसतील. झाड काढताना खणायचं ते चराच्या बाहेरच्या कडेनं, म्हणजे ही नवी मुळं गड्ड्याबरोबर येतील.

वजनाचा अंदाज आधीच घ्या. एवढा मातीचा गड्डा सव्वाशे-दीडशे किलो भरतो. चार माणसं लागतील.

एक विचारतो. कळंब्याची जागा एप्रिलमध्ये तयार आहे का? असेल तर झाड थेट तिथंच लावावं. आधी ड्रमात, मग जमिनीत असं दोनदा हलवणं मला पसंत नाही.

---

पेठेतली_काकू
४ मार्च, दुपारी १:३०

दादा, किती नीट सांगितलंत! आजच माळ्याला बोलावते. जागेचं म्हणाल तर कंपाउंडची भिंत आणि ड्रेनेजची खुदाई मेअखेरपर्यंत चालणार आहे. ज्या कोपऱ्यात अनंत लावायचा तिथूनच पाइप जातोय. त्यामुळे महिना-दीड महिना त्याला कुठंतरी ठेवावं लागेल.

---

बागेतला_दादा
४ मार्च, रात्री ८:२०

मग ड्रम नको. गड्डा गोणपाटात शिवून तसाच घराच्या उत्तरेला, सावलीत उभा करा आणि भोवती गड्ड्याच्या उंचीएवढा कुजलेल्या पालापाचोळ्याचा ढीग लावा. गोणपाट तागाचंच हवं, खताचं प्लॅस्टिकचं पोतं चालणार नाही. तागातून मुळं बाहेर येतात, श्वास घेतात. जूनमध्ये गोणपाटासकट लावता येईल, ते मातीत कुजून जातं. मात्र बुंध्याभोवतीची सुतळी आठवणीनं कापायची. तिनं पुढे फास बसलेली झाडं मी पाहिली आहेत.

---

जांभा_आणि_मुरूम
५ मार्च, सकाळी ११:१०

एक मुद्दा राहिला: माती. अनंताला आम्लधर्मी माती लागते. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा भागात जांभ्याची तांबडी माती आहे. भरपूर पावसानं तिच्यातला चुना धुऊन गेलेला असतो, त्यामुळे ती आम्लधर्मी. राजर्षी शाहू महाराजांनी पन्हाळा भागात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले होते. चहालाही हीच आम्लधर्मी माती आणि निचरा लागतो, अनंत त्याच आवडीनिवडीचा. पूर्वेला हातकणंगले-शिरोळकडे सरकलो की काळी, चुनखडीची माती लागते. तिथं अनंताची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे झाडाला ते उचलता येत नाही.

कळंब्याच्या प्लॉटवर बांधकामाचा राडारोडा, सिमेंटची खरवड असणारच. ती सगळी अल्कधर्मी. खड्ड्याच्या तीन-चार फूट घेरातला राडारोडा वेचून काढा आणि शक्य असेल तर तांबडी माती आणून मिसळा. बोअरचं पाणी जड असेल तर पावसाचं साठवून घाला.

---

राजारामपुरीची_गच्ची
५ मार्च, दुपारी ४:००

काकू, माझ्या हातून झालेली चूक सांगते, म्हणजे तुमच्या हातून होणार नाही. चार वर्षांपूर्वी मी आईकडची जुनी जास्वंद अशीच आणली. झाड नव्या जागी लवकर धरावं म्हणून खड्ड्यात साखर कारखान्याची ताजी मळी (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) दोन पाट्या भरून घातली. ऊसवाले वापरतात, मग चांगलीच असणार असं वाटलं. चौथ्या दिवशी मातीत हात घातला तर माती कोमट लागली. मळी मुळांपाशीच कुजायला लागली होती आणि तिची वाफ मुळांना बसत होती. आठ दिवसांत कळ्या गळल्या, पंधरा दिवसांत झाड वाळलं. आई त्या जास्वंदीची फुलं रोज गणपतीला वाहायची. मला अजून वाईट वाटतं.

---

पाचटवाला_शिरोळ
५ मार्च, सायंकाळी ६:४५

ताई, मळी चांगलीच असती, पण ढीग लावून, पाणी मारून, दोन-तीन महिनं कुजवून थंड झाल्यावर. हात घातल्यावर गार लागली आणि वास गेला की मगच शेतात. आणि नुकत्या हलवलेल्या झाडाला ती बी नको. मुळं नसताना खत घालणं म्हणजे आजारी माणसाला बासुंदी पाजणं. पाचट मात्र वरनं पसरा, चार बोटं जाड. बुंध्यापास्नं हातभर लांब ठेवा, चिकटून ठेवलं तर वाळवी लागतीय.

---

डेल्समधली_लेक
६ मार्च, रात्री ११:५०

नमस्कार, मी या काकूंची मुलगी. आईनं लिंक पाठवली. वाचताना पेठेतलं परस डोळ्यांसमोर आलं.

माझ्या झाडाविषयी थोडं. फ्युशियाचे शेकडो प्रकार असतात, पण माझा 'हार्डी' म्हणतात त्यातला, फ्युशिया मॅजेलॅनिकाच्या वंशाचा. त्याचं मूळ घर दक्षिण अमेरिकेच्या अगदी खालच्या टोकाला, चिली-अर्जेंटिनाच्या थंड, ओल्या भागात. नाव पडलं लेओनहार्ट फुक्स या सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्यावरून, ते दिलं १७०३ मध्ये शार्ल प्ल्युमिये या फ्रेंच वनस्पतिअभ्यासकानं. फुक्सनं स्वतः हे झाड आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

हिवाळ्यात इथं वरच्या काड्या वाळतात, झाड मेल्यासारखं दिसतं आणि एप्रिल-मेमध्ये जमिनीतून नवे कोंब येतात. आत्ता नुसत्या तपकिरी काड्या आहेत. प्रश्न असा की कोंब दिसायच्या आधी काढू की नंतर? आणि मेमध्येही इथं एखाद्या रात्री दहिवर गोठतं, त्याचं काय?

---

कॉर्कमधला_करवीरकर
७ मार्च, पहाटे २:३०

ताई, मी आयर्लंडच्या नैर्ऋत्येला राहतो. इथं रस्त्याच्या दोन्ही कडेला मैलोन्‌मैल फ्युशियाचीच कुंपणं आहेत, माणसानं लावलेली आणि मग आपोआप पसरलेली. पावसाळी, समुद्राकाठची सौम्य हवा त्याला इतकी मानवते. त्यामुळे थोडा अनुभव आहे.

काढायची वेळ: एप्रिलच्या मध्यावर, काड्यांच्या खालच्या पेरांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल-हिरवे डोळे दिसायला लागले की. तेव्हा मुळं जागी झालेली असतात आणि वर मऊ पाला अजून आलेला नसतो. त्याच वेळी जुन्या काड्या खालच्या जिवंत डोळ्यांपर्यंत छाटून टाका. हा फ्युशिया त्या वर्षीच्या नव्या फुटीवर फुलतो, त्यामुळे छाटून फुलांचं नुकसान होत नाही. पण ही छाटणी शरद ऋतूत करायची नाही. जुन्या काड्या हिवाळाभर खोडाच्या गड्ड्याला पांघरूण म्हणून लागतात.

गड्डा दीड फूट व्यासाचा आणि फूटभर खोल पुरे. याची मुळं दाट, तंतुमय आणि वरच्या थरातच असतात.

लावताना मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा, ती इतर झुडपांच्या उलट आहे. आधी होता त्यापेक्षा दोन इंच खोल लावा, म्हणजे काड्यांचा बुडखा मातीखाली जाईल. एखाद्या कडक हिवाळ्यात वरचं सगळं गोठून मेलं तरी जमिनीखालचे डोळे वाचतात आणि तिथून झाड पुन्हा उभं राहतं. मेमधल्या रात्रीसाठी बागेतलं पांढरं पातळ कापड मिळतं, ते संध्याकाळी टाका, सकाळी काढा.

आणि मुळांत पांढऱ्या अळ्या आहेत का नक्की बघा. व्हाइन वीव्हिल नावाच्या भुंग्याची अळी असते. आपल्या उसातल्या हुमणीसारखी वाकडी, तपकिरी डोक्याची, पण जेमतेम सेंटिमीटरभर. हुमणीला पाय असतात, हिला नसतात. ती मुळं खाते. एखादी सापडली तरी जुनी माती झटकून टाका.

अजून एक, कागदोपत्री. इंग्लंडात घर विकताना जमिनीतली झाडं घराबरोबरच गेली असं धरतात. काय काय घेऊन जाणार याची यादी विक्रीच्या कागदांत असते, त्यात फ्युशिया आधीच लिहून घ्या. नाहीतर झाड नेल्यावर घेणारा हरकत घेऊ शकतो.

---

डेल्समधली_लेक
७ मार्च, सकाळी ९:१५ (तिकडची वेळ)

खूप खूप धन्यवाद दादा! कागदांचं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. आजच वकिलांना कळवते.

---

उचगावची_वहिनी
९ मार्च, दुपारी ३:२०

मला भाबडा वाटेल असा प्रश्न आहे. फ्युशिया एवढा काटक असेल, बर्फ सोसत असेल, तर कोल्हापुरात का लावू नये? फोटो बघून फार आवडला.

---

बागेतला_दादा
९ मार्च, रात्री ९:००

वहिनी, प्रश्न अगदी योग्य आहे. 'हार्डी' हा शब्द तिकडे थंडीच्या हिशेबानं वापरतात. तो थंडीला काटक आहे, उन्हाला नाही. तापमान तिशीच्या वर रेंगाळलं, त्यातही रात्री गार झाल्या नाहीत, की तो कळ्या टाकतो आणि हळूहळू खंगतो. थंड हवेच्या ठिकाणच्या नर्सरीतून लोक कुंडी आणतात, दिवाळीपासून शिमग्यापर्यंत छान फुलते, पुढे उन्हाळा तिला झेपत नाही. आपला अनंत याच्या उलट. तो आपला उन्हाळा सोसतो, पण यॉर्कशायरच्या हिवाळ्यात बाहेर ठेवला तर जाईल.

---

छाटणी_आणि_चहा
११ मार्च, सकाळी ८:४०

काकू, माझं मत: अनंत निम्मा छाटून टाका. मुळं निम्मी गेली तर पाला निम्मा नको का? आमचे आजोबा कुठलंही झाड हलवायच्या आधी त्याचा खराटा करायचे.

---

बागेतला_दादा
११ मार्च, दुपारी १२:१०

पूर्वी आम्हीही असंच शिकलो होतो. अनुभवानं मत बदललं. नवी मुळं वाढायला जो अन्नसाठा लागतो तो पानांतूनच येतो, सगळा पाला काढला तर मुळांना वाढायला बळ कुठून मिळणार? आणि अनंताची पुढच्या हंगामाची फुलं तयार फांद्यांच्या शेंड्यांवर येतात, खराटा केला तर एक-दोन वर्षं फूल नाही. म्हणून मी फार तर चौथाई पाला कमी करतो: आतल्या बारीक, एकमेकींवर घासणाऱ्या, वाळक्या काड्या. बाकी पाण्याची गरज सावलीनं कमी करायची. पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी पश्चिम आणि दक्षिण बाजूला बांधा. आणि या वर्षीच्या कळ्या मात्र खुडून टाका काकू. मन होणार नाही, पण खुडा.

---

पेठेतली_काकू
२ एप्रिल, रात्री १०:००

दुसरा अर्धा चर आज मारला. पहिल्या चरात बोटानं उकरून पाहिलं. दादा, खरंच पांढरी मुळं आहेत, शेवयांसारखी! फोटो टाकलाय. माळीही बघत राहिला.

कळ्या खुडल्या, एक्केचाळीस निघाल्या. हिरव्या, पीळ भरलेल्या. सूपभर झाल्या. मोजून देवापुढे ठेवल्या.

---

वृक्षप्रेमी_टाऊनहॉल
३ एप्रिल, सकाळी १०:३०

काकू, परसात आणखी मोठी झाडं आहेत का? जागा विकसकाकडे गेल्यावर ती कुणी विचारत नाही. शहरात झाड तोडायला किंवा हलवायला महापालिकेची परवानगी लागते. १९७५ चा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. नारळ-आंबा असेल तर आत्ताच त्याची नोंद, फोटो करून ठेवा.

---

पेठेतली_काकू
३ एप्रिल, सायंकाळी ५:००

एक नारळ आणि एक सोनचाफा आहे. करारात दोन्ही ठेवायचं लिहून घेतलंय, आता फोटोही काढते.

---

डेल्समधली_लेक
१९ एप्रिल, रात्री ८:०० (तिकडची वेळ)

फ्युशिया नव्या घरी पोहोचला! काल डोळे दिसले, आज सकाळी काढला. विक्रीच्या यादीत नाव होतं, त्यामुळे निश्चिंत. काड्या छाटल्या, चोहोबाजूंनी फावडं सरळ खाली दाबून गड्डा मोकळा केला. फार सहज आला, दोघांनी ताडपत्रीवर ओढत गाडीत ठेवला. मुळं फिरवून पाहिली, तीन अळ्या सापडल्या, पाय नसलेल्याच. आईला व्हिडिओवर दाखवल्या तर ती म्हणाली, "अगं, ही तर हुमणीची पोरं." जुनी माती झटकली. नव्या खड्ड्यात दोन इंच खोल लावला, पाणी घातलं आणि वर कुजलेलं पान-खत पसरलं. छाटलेल्या काड्या मात्र वाळक्याच निघाल्या, त्यांना मुळं फुटणार नाहीत. मेमध्ये हिरवे शेंडे आले की चार कटिंग्ज लावून ठेवीन, दगाफटका नको.

---

पेठेतली_काकू
२८ एप्रिल, रात्री ९:३०

काल पहाटे अनंत काढला. सविस्तर लिहिते, कारण कुणाला तरी उपयोगी पडेल.

आदल्या दिवशी संध्याकाळी भरपूर पाणी घातलं, म्हणजे माती धरून राहते. पूर्वेकडच्या फांदीला लाल दोरा बांधला, नव्या जागी तोंड त्याच बाजूला ठेवायचं म्हणून. साडेपाचला चार माणसं आली. चराच्या बाहेरून खणत खाली गेले, मग गड्डा खालून वाटीसारखा तासत आणला. मधोमध एकच जाड सोटमूळ सरळ खाली गेलं होतं. करवत चालवताना माझा जीव खालीवर होत होता. ते सुटलं आणि झाड जरासं हललं. मग एका बाजूला कलवून खाली गोणपाट सरकवलं, दुसरीकडून ओढून घेतलं, आणि माळ्यानं दाभणानं सुतळी घालून पोतं शिवावं तसं शिवलं. उचलताना गड्ड्यालाच धरायचं, बुंध्याला धरायचं नाही, हे दोनदा सांगावं लागलं. तरी टेम्पोत चढवताना एका कोपऱ्याला दणका बसला आणि आतली माती तडकल्याचा आवाज आला. साडेसातला कळंब्यात उत्तरेच्या भिंतीला टेकवलं, भोवती पालापाचोळा रचला, जाळी बांधली.

मागे परसात गोल खड्डा राहिलाय. त्यात सासूबाईंनी लावताना घातलेलं खापर निघालं, ते बरोबर घेऊन आले.

---

बागेतला_दादा
२९ एप्रिल, सकाळी ६:५०

उत्तम काम. आता एकच धोका सांगतो. भोवतीचा पाचोळा ओला दिसेल आणि गड्डा आतून कोरडा राहील. जुनी घट्ट माती पाणी आत घेत नाही, पाणी बाजूनं निघून जातं. म्हणून पाणी वरून, बुंध्याजवळ, थेंबथेंब द्या. बुडाला बारीक भोक पाडलेलं मडकं गड्ड्यावर ठेवा, भोकात सुती वात घाला. सकाळ-संध्याकाळ भरा. आणि गोणपाटातून एक काडी आत खुपसून रोज बघा, ओली बाहेर आली पाहिजे. तडकलेल्या बाजूला माती हातानं हळू दाबून घ्या, पोकळी राहिली तर तिथली मुळं वाळतील.

---

पेठेतली_काकू
१८ मे, दुपारी २:१५

दादा, निम्मी पानं पिवळी होऊन गळली. तडकलेल्या बाजूची फांदी तर पूर्ण उघडी झाली. रात्रभर झोप नाही. गेलं का झाड?

---

बागेतला_दादा
१८ मे, दुपारी २:४०

घाबरू नका. उघड्या फांदीवर नखानं हलकं खरवडा. सालीखाली हिरवं-ओलसर आहे की तपकिरी-कोरडं? शेंड्यापासून खाली येत बघा आणि कळवा. पानं गळून पडतायत की फांदीलाच वाळून चिकटून राहिलीत, तेही सांगा.

---

पेठेतली_काकू
१८ मे, दुपारी ३:३०

शेंडा वीतभर तपकिरी. त्याखाली हिरवं आहे, अगदी मटाराच्या सालीसारखं! बाकी दोन्ही फांद्या शेंड्यापर्यंत हिरव्या. पानं हात लावला की गळतात, चिकटलेली नाहीत.

---

बागेतला_दादा
१८ मे, दुपारी ३:४५

मग झाड जिवंत आहे. पानं गाळणं हे झाडानं स्वतःच केलेलं काम आहे, जिवंत फांदीच पान सोडते. मेलेल्या फांदीवर ती वाळून तशीच राहतात. तपकिरी शेंडा हिरव्यापर्यंत कापा. पाणी आता कमी करा, पानं कमी झालीत तर पाणीही कमी लागणार. घाबरून जास्त पाणी घालून मारलेली झाडं मी उन्हानं मेलेल्यांपेक्षा जास्त पाहिली आहेत.

---

पाचटवाला_शिरोळ
२६ मे, सायंकाळी ७:००

आज वळीव झाला, गारा पण पडल्या. काकू तुमच्याकडं झाला का? वळवाच्या पावसावर लगेच लावू नका हां. वरची वीतभर माती भिजती, खाली तापलेलीच असती. मृगाची वाट बघा.

---

पेठेतली_काकू
१५ जून, रात्री ८:५०

काल लावला! मृगाचे दोन चांगले पाऊस झाल्यावर.

आधी खड्ड्याची परीक्षा केली. संध्याकाळी दोन बादल्या पाणी ओतलं, सकाळी बघितलं तर चार बोटं पाणी तसंच उभं. खाली कडक मुरूम होता. मग जांभा दादांनी सांगितलेली तांबडी माती टेम्पोनं आणून सहा इंचांचा उंचवटा केला आणि गड्डा अर्धा जमिनीत, अर्धा उंचवट्यात बसवला. खड्ड्याच्या कडा फावड्यानं गुळगुळीत झाल्या होत्या, त्या पंज्यानं खरवडल्या. अनंत लेकीच्या फ्युशियासारखा खोल पुरायचा नाही हे पक्कं लक्षात ठेवलं, बुंध्यावर जुन्या मातीची खूण होती ती वरच ठेवली. दोरा पूर्वेला. बुंध्याची सुतळी कापली, गोणपाट वरून उलटं दुमडलं. खत काही नाही, नुसतं पाचट.

आणि ऐका: गोणपाटातून बाहेर पाचोळ्यात मुळं आली होती. दोन-दोन इंच. पांढरी.

---

जांभा_आणि_मुरूम
१६ जून, सकाळी ९:२०

उंचवटा केलात हे फार बरं झालं. जुलैत संततधार लागली की मुरमातला खड्डा हौदासारखा भरतो, आणि मुळं पाण्यात आठ दिवस राहिली तर गुदमरतात. एक चर उताराच्या दिशेनं काढून ठेवा.

---

डेल्समधली_लेक
२१ जुलै, रात्री १०:३० (तिकडची वेळ)

इकडची बातमी: फ्युशिया गुडघ्याएवढा झाला आणि आज पहिली सात फुलं उमलली. दहिवराच्या दोन रात्री कापड टाकलं होतं. मेमध्ये लावलेल्या चार कटिंग्जपैकी तीन लागल्या, एक शेजारच्या आजींना दिली. त्यांनी सांगितलं की फुलं गळल्यावर जांभळी फळं येतात, ती खाता येतात. आली की चव सांगीन.

आई, तिकडे पाऊस किती आहे? बातम्यांत पंचगंगेची पातळी दाखवतायत.

---

पेठेतली_काकू
२२ जुलै, सकाळी ७:३०

राजाराम बंधाऱ्यावर पाणी चाळीस फुटांवर गेलंय, इशारा पातळी ओलांडली. त्रेचाळीसला धोका. पण कळंबा उंचावर आहे, काळजी नको. चरातून पाणी वाहून जातंय, बुंध्यापाशी साठत नाही. छत्री घेऊन दिवसातून दोनदा बघून येते.

---

पेठेतली_काकू
२० सप्टेंबर, सायंकाळी ६:१०

तीनही फांद्यांना नवी फूट आली आहे. उघडी पडलेल्या फांदीलासुद्धा, कापलेल्या जागेच्या खालून दोन कोंब. पानं चकचकीत, गडद हिरवी, पिवळेपणा नाही. जाळी गणपतीनंतर काढली. पावसात दादांच्या सांगण्यावरून एका फांदीला गुटी बांधली होती, म्हणजे साल काढून तिथं ओलं शेवाळ गुंडाळलं होतं, ती आज उघडली. शेवाळात मुळं गच्च भरलीत. ते रोप पेठेतल्या शेजारीणबाईंना द्यायचं ठरवलंय. वीस वर्षं भिंतीपलीकडून त्यांच्या अंगणात वास जात होता.

आज सकाळी पश्चिमेच्या शेंड्याला, पानांच्या मधोमध, एक पीळदार टोक दिसतंय. कळी की नवं पान, ते अजून कळत नाही. फोटो टाकते. दादा, जरा मोठा करून बघाल?

---

बागेतला_दादा
२० सप्टेंबर, सायंकाळी ६:४०

बघितला. बुडाशी हिरव्या धारा आहेत, त्या पानाला नसतात. कळी आहे काकू.